सुपडाभाऊंचे चमचे

मोडीत आलेल्या प्रत्येक भांड्यावरचं नाव सुपडाभाऊ मोठ्यानं वाचायचे. मलकापूरला आमचं भांड्यांचं दुकान होतं. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि बाजारात स्टीलही नुकतंच आलं होतं. बायका घरातलं जुनं पितळ मोड म्हणून आणत, आम्ही ते वजनावर घेत असू आणि बदल्यात झळझळीत स्टील देत असू. पितळ पोत्यात भरून भट्टीला जाई. पण त्याआधी सुपडाभाऊ प्रत्येक भांडं हातात घेत, धोतराच्या सोग्यानं पुसत आणि मास्तरनं हजेरी घ्यावी तसं वाचत, "सौ. गंगाबाई हीस, भावाकडून."

मोड आणणारी बाई सांगे, "आमची आजी होय थे."

"राम राम, गंगाबाई," सुपडाभाऊ त्या तांब्याला म्हणत. मग तो तांब्या तराजूत जाई.

गिऱ्हाइकं हसत. बाबा वैतागत. "सुपडा, दुकान आहे का मसनवटा?" तराजू माझ्या हातात असे. मी गालातल्या गालात हसत वजनं टाकत असे. ते नाव आता कायमचं चाललं आहे हे माझ्या डोक्यातही येत नसे.

सुपडाभाऊंचं काम नावं घालण्याचं. दुकानाच्या पायरीशी पोत्याचा तुकडा अंथरून ते बसत. एक छोटी छिन्नी, एक हातोडी. एकेक टिंब ठोकत अक्षर उभं करायचं. लग्नसराईत सकाळपासून ती टकटक चाले. त्यांच्या आधीची तीन भावंडं गेली होती, म्हणून जन्मल्याबरोबर आईनं त्यांना सुपात घातलं आणि तेच नाव पडलं. "लोकाईची नावं ब्राह्मण ठेवते," ते म्हणत, "माह्यं सुपानं ठेवलं. म्हणून मी दुसऱ्याचं नाव जपून घालतो."

ते नाव घालत, काढत मात्र नसत. एकदा एक बडा शेतकरी वाटणीत आलेली परात घेऊन आला. तिच्यावरचं भावाचं नाव खरवडून त्याला स्वतःचं टाकून हवं होतं. सुपडाभाऊंनी परात परत केली. "नाव घालाले हातोडी लागते. काढाले भांडंच झिजवा लागते. थे काम आपलं नाही. दुसरा पाहा." बाबांनी त्यांना गिऱ्हाइकासमोरच झापलं. ते खाली मान घालून हातातला गडवा ठोकत राहिले.

चमच्यांची सुरुवात मी पाहिली आहे. मोडीत एक लहानसा चमचा आला होता, दांडीच्या टोकाला कुठल्याशा विलायती राजाचा मुखडा असलेला. ज्या बाईनं आणला तिलाही तो घरात कसा आला ते माहीत नव्हतं. सुपडाभाऊ तो उलटसुलट करत राहिले. संध्याकाळी बाबांना म्हणाले, "मालक, हा चमचा मले द्या. याच्या वजनाचं पितळ मी उद्या पोत्यात टाकतो."

"काय करतं त्याचं? गुटी पितं का या वयात?"

"ठेवतो."

"अबे पण काऊन?"

"हंडा ठेवाले घर लागते, मालक. चमच्याले खिसा पुरते. साऱ्याईले तं ठेवू शकत नाही मी."

बाबा हसले आणि हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सुपडाभाऊंनी घरून फुटक्या तांब्याचा काठ आणला. एका पारड्यात मी चमचा ठेवला, दुसऱ्यात तो काठ. काठ जड भरला. "राहू द्या," ते म्हणाले. हा तराजू माझ्या हातात होता, हे कृपा करून लक्षात ठेवा. पुढे सात-आठ वर्षं त्यांनी घेतलेला एकेक चमचा मी माझ्या हातानं तोलला आहे.

बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात ते चमचे राहत. प्रत्येक चमचा जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळलेला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते डबा उघडत आणि मला दाखवत. दुसरं कोणी पाहायला नव्हतंच. नागाच्या फण्याची आचमनाची पळी. जुन्या रेल्वे कंपनीची पुसट अक्षरं असलेला एक पांढरा चमचा. लोणारच्या जत्रेतला, देवीचं चित्र असलेला. कापसाच्या जिनातला साहेब मायदेशी परत गेला तेव्हा त्याच्या खानसाम्यानं मोडीत आणलेला एक, त्याच्या दांडीवर जहाज होतं आणि खाली कुठल्यातरी बंदराचं नाव. ते आम्हा दोघांनाही वाचता येत नव्हतं. बाकी सगळे आपल्याच गावच्या घरांतले, कुणाच्या आजीचे, कुणाच्या काकूचे, दांडीवर नाव घातलेले.

"हंड्याले पानी माहीत राह्यते," ते म्हणत, "चमच्याले तोंड माहीत राह्यते. पहिला घास, शेवटची औषधी, सारं चमच्यानंच."

त्यांची बायको काशीबाई जेवणाचा डबा घेऊन येई तेव्हा मला ऐकवी, "धनूभाऊ, सांगा ना यायले काही. आमच्या घरचं सारं पितळ या चमच्याईनं खाल्लं. मी जर्मनच्या पातेल्यात भाजी करून राह्यली." सुपडाभाऊ जेवता जेवता म्हणत, "भाजी तं तशीच लागते ना?" "तुमाले काय, तुमाले तं भाजीतबी नाव दिसते," ती म्हणे. त्या दोघांची कुरकुर ऐकायला मला आवडे. माझ्या घरी कुणी कुरकुर करत नसे. बाबा बोलत आणि बाकीचे ऐकत.

माझं लग्न झालं ते धामणगाव बढ्याच्या सुमनशी. तिचे वडील भाजीपाल्याचे शेतकरी, हौशी माणूस. मुलीला द्यायची भांडी त्यांनी आमच्याच दुकानातून घेतली. "व्याह्याच्या दुकानातून घेतो, तिथंच परत येतील," असं म्हणून ते हसले होते. नावं सुपडाभाऊंनी घातली. हंडा, घागर, परात, पातेली. सर्वांत शेवटी बाळाला गुटी पाजायचा एक इवलासा चमचा होता. त्यावर पूर्ण मजकूर मावत नव्हता, म्हणून नुसतं "सुमन" घातलं. पत्रा इतका पातळ होता की प्रत्येक टिंब मागच्या बाजूला फुगून आलं.

सुमनचं आणि सुपडाभाऊंचं चांगलं जमे. आमचं घर दुकानाच्या मागेच होतं. ती त्यांच्यासाठी चहा पाठवी, कधी स्वतः आणी. एकदा डबा उघडा दिसला तेव्हा तिनं विचारलं, "काका, माह्या चमच्याची पाळी केव्हा?"

"तुमचा चालता आहे, सूनबाई," ते म्हणाले. "मी थांबलेलेच घेतो."

ती हसली. तो चमचा तोवर एकदाही वापरला गेला नव्हता. पुढची चार वर्षंही गेला नाही.

आता जे सांगायचं ते सरळ सांगतो. एवढी वर्षं मी ते कुणालाच सांगितलेलं नाही. माझी दुसरी बायको आहे, मुलगी आहे, त्यांनाही नाही. मागच्या महिन्यात मुलीच्या लग्नासाठी आमच्याच दुकानातली भांडी काढली. नाव टाकणाऱ्यानं विजेचं यंत्र सुरू केलं आणि विचारलं, "शेटजी, काय नाव टाकू?" माझ्या तोंडून मुलीचं नावच निघेना. बायको म्हणाली, "काय झालं हो तुम्हाले?" मी म्हटलं, उन्हानं. त्या दिवसापासून हे लिहायचं मनात आहे.

मूल झालं नाही म्हणून बाबांनी सुमनला दिवाळीला माहेरी पाठवलं आणि आणायला कुणाला जाऊ दिलं नाही. आमच्याकडे सुनेला टाकायची हीच रीत, तिला हाकलत नाहीत, फक्त न्यायला जात नाहीत. मी जाऊ शकत होतो. मलकापूरहून धामणगावला बस होती. दिवाळी गेली, संक्रांत गेली, मी दुकानात तराजू धरून बसलो. बाबांनी दुसरी मुलगी पाहिली. त्यासाठी आधी सोडचिठ्ठी हवी आणि सोडचिठ्ठीला बसलं की भांडी परत करावी लागणार. बाबांचं म्हणणं, भांडी परत करणं म्हणजे चूक कबूल करणं. त्यांनी सुपडाभाऊंना सांगितलं, "सुनेच्या भांड्यावरची नावं काढ."

"मी काढत नाही, मालक. तुमाले माहीत आहे."

"मंग मोडीत जातील."

"तुमचं दुकान, तुमची मर्जी," सुपडाभाऊ म्हणाले. आणि त्या दिवशी त्यांनी एकही नाव वाचलं नाही. सुमनची सगळी भांडी त्यांच्या डोळ्यांसमोर पोत्यांत गेली. फक्त तो गुटीचा चमचा त्यांनी उचलून माझ्या तराजूत ठेवला. दुसऱ्या पारड्यात घरून आणलेलं निरांजन टाकलं. त्यांच्या घरातलं ते शेवटचं पितळ होतं. निरांजन बरंच जड भरलं. त्यांनी चमचा चिंधीत गुंडाळला आणि निरांजन मी पोत्यात टाकलं.

चार दिवसांनी बैठक झाली, दुकानातच, गादीवर. सुमनचे वडील, तिचा भाऊ, गावातले चार वडीलधारे. शेजारपाजारचे दुकानदार आणि दोन-चार बायाही उभ्या होत्या. सुमन नव्हती. तिचे वडील म्हणाले, "पोरगी नाही ठेवायची तं नका ठेवू. मी हात नाही जोडत. पन तिची भांडी तिच्यासंगं जाऊ द्या. हंड्यापासून चमच्यापर्यंत तिचं नाव आहे त्याच्यावर."

बाबा शांतपणे म्हणाले, "कोनती भांडी? घरात पाहून घ्या."

सुमनचा भाऊ तडकला. वडिलांनी त्याला हातानं थांबवलं आणि पायरीकडे बोट केलं. "नावं या भाऊनं घातली. त्याले विचारा."

सगळे वळून पाहू लागले. सुपडाभाऊ एका तांब्यावर टिंबं ठोकत होते. हातोडी थांबली. ते उठले, कोनाड्यातून डबा घेतला, झाकण जरासं उचलून वरचीच चिंधी सोडली आणि तो इवलासा चमचा वडीलधाऱ्यांतल्या थोरल्याच्या हातावर ठेवला. "घातली. साऱ्याईवर मीच घातली. हा त्याच्यातलाच."

थोरल्यानं चमचा उजेडात धरून वाचलं, "सुमन." मग माझ्याकडे पाहिलं. "काय धनराज? तूच सांग. तुह्या बायकोचा आहे का हा?"

हो म्हणायचं होतं. एवढंच काम होतं. बाबा माझ्याकडे पाहत नव्हते, ते छताकडे पाहत होते, आणि मला त्या न पाहण्याचीच भीती वाटली.

"हा चमचा याच्यापाशी आला कुठून ते विचारा पहिले," मी म्हणालो. "मोडीतून माल उचलते हा. डबा उघडा त्याचा."

ज्यांना मी जन्मभर तुम्ही म्हणत आलो त्यांना मी "हा" म्हणालो. माझ्या त्या वाक्यातच कबुली होती. चमचा मोडीतला, तर भांडीही मोडीतच गेली असणार. पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण तोवर बाबांनी डबा हिसकून गादीवर पालथा केला होता.

चिंध्या सुटल्या. चमचे पसरले. आणि त्यांवर गावातल्या निम्म्या घरांची नावं होती.

"ही तं माह्या मायची पळी," कापडदुकानवाला म्हणाला.

"हे आमच्या आत्याचं नाव. हिचा चमचा याच्यापाशी कसा?"

"सुपड्या, लेका, आमच्या घरात केव्हा शिरला तू?"

मी उभ्या जन्मात एवढा मोठा मूर्खपणा पाहिलेला नाही आणि तो घडवून आणणारा मीच होतो. ते सगळे चमचे त्या लोकांनी स्वतःच्या हातानं मोडीत आणले होते. बदल्यात स्टीलची ताटं नेली होती. देताना त्यांना नावाचं काही वाटलं नव्हतं. आता दुसऱ्यानं जपून ठेवलेलं दिसलं तेव्हा ते चोरीचं झालं.

"तुमीच आणले होते हे," सुपडाभाऊ एकेकाला सांगत होते. "मी वाचून दाखवलं होतं. तुमी हासले होते. आठवते का, बाई?" बाई दुसरीकडे पाहू लागली. मग ते माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "धनूभाऊ, काटा तुमच्या हातात होता."

"मले काही माहीत नाही," मी म्हणालो.

सुमनचे वडील उठले. टोपी नीट केली. मुलाला म्हणाले, "चाल. चोराची साक्ष कोन मानते?" ते माझ्याकडे पाहून बोलले, सुपडाभाऊंकडे नाही. त्यांना कळलं होतं. बाकी कुणाला कळून घ्यायचं नव्हतं. ज्यानं त्यानं आपापल्या घरचा चमचा उचलला. गादीवर परगावचे उरले, राजाच्या मुखड्याचा, जहाजाचा, लोणारचा. बाबांनी ते पोत्यात टाकले. गुटीचा चमचा थोरल्यानं गादीवर ठेवून दिला होता. तो मी खिशात घातला.

सुपडाभाऊंनी छिन्नी आणि हातोडी रिकाम्या डब्यात ठेवली आणि पायरी उतरले. त्यानंतर मलकापुरात त्यांना कुणी भांडं दिलं नाही. नाव घालायला दिलं तर भांडं घरी परत येईल की नाही, असं लोक म्हणत. काशीबाईला पाणवठ्यावर टोमणे ऐकावे लागत. दोन-तीन महिन्यांत ते गाव सोडून गेले.

आणि वर्ष उलटायच्या आत ते चमचे परत येऊ लागले. आत्याचा आला, मायची पळी आली. दुसऱ्या जुन्या पितळाबरोबर, मोडीत, स्टीलच्या बदल्यात. कापडदुकानवाल्याच्या बायकोनं पळी माझ्याच पारड्यात टाकली आणि म्हणाली, "बरोबर तोला हो." मी बरोबर तोललं. नाव वाचायला कुणी नव्हतं.

गुटीच्या चमच्यावरचं नाव मी स्वतः कानशीनं घासून काढलं. दुसरं लग्न ठरलं होतं आणि तो चमचा कुणाच्या हाती लागायला नको होता. पण फेकून दिला नाही, ठेवून दिला. बाबा गेले, दुकान माझं झालं, मुलगी झाली. तिला गुटी पाजली ती नव्या स्टीलच्या चमच्यानं.

सुपडाभाऊ दोन वर्षांपूर्वी वारले. बातमी मला महिन्यानंतर कळली, तीही एका गिऱ्हाइकाकडून. त्यांनी गाव सोडल्यावर आमची एकदाच भेट झाली होती. ती सांगतो आणि थांबतो.

ते धामणगाव बढ्याला बाजाराच्या वाटेवर बसतात, असं कुणीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. सुमनच्या वडिलांनीच त्यांना तिथं जागा दिली होती. मी बसनं गेलो. खिशात तो चमचा होता. एका ओट्याच्या सावलीत ते बसले होते, खूप वाळले होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पायांचा आवाज ऐकून म्हणाले, "काय नाव घालायचं? मोठं सांगू नका. आता लहानच घालतो, अंदाजानं."

मी चमचा त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांनी अंगठा फिरवला. "कोनी घासला हा? कानस लावली. अडाणी मानूस दिसते." मग उलटा केला आणि मागच्या बाजूनं अंगठा हळूहळू नेला. "पुढून घासलं तं काय होते. मागं उलटं राह्यते ना. न... म... सु." अंगठा तिथंच थांबला. 

"धनूभाऊ," ते म्हणाले.

"हाव."

"मले वाटलं, तुमी मोडीत टाकला असन."

मी त्यांची माफी मागायला गेलो होतो, असं आज म्हणावंसं वाटतं. ते खरं नसावं. कारण मी जे बोललो ते हे, "सुपडाभाऊ, हा तुमी तिले देऊन टाका. मी दिला म्हणून सांगू नका."

"इथून चौथं घर तिचं. निळं दार. लहान पोराईले शिकवते. या वक्ताले घरी राह्यते."

"तुमच्या हातून गेला तं बरं होईन."

त्यांनी चमचा धोतराच्या सोग्यानं पुसला, पूर्वी पुसत तसाच, आणि चाचपून माझा हात शोधून त्यात ठेवला. "एक डाव चोर झालो, धनूभाऊ. आता चोरीचा माल पोचवनारा नाही होत. चारच घरं आहेत. तुमचे पाय तं चांगले आहेत ना?"

मग त्यांनी कुणाची तरी वाटी मांडीवर घेतली आणि ठोकू लागले. टक, टक. माझ्याशी त्यांचं बोलणं संपलं होतं.

मी निघालो. पहिलं घर गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी तूर पाखडत होती. पुढचं निळं दार अर्धं उघडं होतं आणि आतून पोरांच्या पाढे म्हणण्याचा आवाज येत होता. मध्येच एक बाईचा आवाज पोरांना थांबवी, चुकलेला पाढा पुन्हा म्हणायला लावी. मी तो आवाज ओळखला. पाठीमागची टकटक थांबली होती. सुपडाभाऊ कान देऊन ऐकत असावेत.

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "कोनाकडं आले, भाऊ?"

"कोनाकडं नाही," मी म्हणालो. "मलकापूरची बस केव्हा आहे?"